डायलिसिसनंतरचे जगणे

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जादा पाणी यंत्राद्वारे काढून टाकण्याची प्रक्रिया म्हणजे डायलिसिस. ती सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास करावी लागत असल्याने उपचाराइतकाच प्रवासही रुग्णाला थकवतो. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा गरिबांना मोफत मिळू लागली, तरी धाराशिव जिल्ह्यातील परंडा किंवा उमरगा तालुक्यातील मजुराची बुडालेली रोजंदारी आणि एसटीचे भाडे कोणत्याही बिलात दिसत नाही. धाराशिवच्या कडक उन्हाळ्यात तहान आवरणे, लोणचे-पापडातील मीठ टाळणे, ज्यांतील पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकते अशी नारळपाण्यासारखी पेये वर्ज्य करणे आणि फिस्टुला, म्हणजे सुईसाठी धमनी व शीर जोडून केलेली वाट, असलेल्या हाताने ओझे न उचलणे, ही पथ्ये पाळली तर अनेकांना काम, संसार आणि सणवार सांभाळता येतात. म्हणून शासनाने तालुक्याच्या ठिकाणी यंत्रांबरोबर तंत्रज्ञ आणि आहारसल्लाही द्यावा आणि मूत्रपिंडांचा बिघाड वेळीच कळावा यासाठी मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी.