हजेरी आणि काम

आमच्या शेजारची एक मुलगी एबेनच्या सायबरसिटीतल्या एका कचेरीत हिशेबाचे काम करते. राहते कास्कावेलला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कंपनीनेच तिच्या घरी संगणक पोचवला. पुढे कित्येक महिने तिचे काम घरून चालले आणि महिनाअखेरचा हिशेब एकदाही अडला नाही. आता मात्र पाचही दिवस कचेरीत हजर राहण्याचा हुकूम आहे. पहाटे उठायचे, दोन बसगाड्या बदलायच्या, आणि पोचल्यावर पुन्हा त्याच संगणकासमोर बसून लंडनच्या गिऱ्हाइकाशी बोलायचे!

मालकांची बाजू अगदीच खोटी नाही. नवा माणूस जुन्याच्या शेजारी बसूनच काम शिकतो. हॉटेलात आणि इस्पितळात राबणाऱ्यांना तर ही सोय मिळणारच नाही.

पण 2020 साली कामगार हक्क कायद्यात दुरुस्ती झाली, ती आठवा. 48 तास आधी सूचना देऊन कामगाराला घरून काम करायला सांगण्याचा अधिकार मालकाला मिळाला. म्हणजे घरून काम होते, हे मान्यच झाले. फक्त ते केव्हा व्हावे हे मालकाने ठरवायचे. त्याच वर्षी परदेशी लोकांसाठी प्रीमियम व्हिसा निघाला. नोकरी आपल्या देशातली करा, पण आमच्या बेटावर राहून करा, असे ते आमंत्रण. फ्लिक-आन-फ्लाकच्या किनाऱ्यावर बसून परक्याने पॅरिसच्या कचेरीचे काम केले तर चालते. तिथून जवळच कास्कावेलच्या मुलीने आपल्या ओसरीवर बसून एबेनचे केले तर का चालू नये?

15 जानेवारी 2024 च्या सोमवारी सकाळी लोक कामावर गेले आणि बेलाल वादळाच्या पावसात अडकले. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. त्यांतल्या किती जणांचे काम घरून झाले असते!

ऊसमळ्यावर आपल्या पूर्वजांनी एक दिवस चुकवला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 'डबल कट' म्हणत त्याला. ती शिक्षा अन्यायाचीच होती. पण ऊस निदान घरी बसून तोडता येत नव्हता. हिशेबाचे तसे नाही.

ती मुलगी आठवड्यातले दोन दिवस कचेरीत यायला आनंदाने तयार आहे. तिने तसे विचारलेही. 'सगळ्यांना एकच नियम,' एवढेच उत्तर मिळाले. असा अर्ज नाकारायचा असेल तर मालकाने कारण लेखी द्यावे, एवढी तरी सक्ती सरकारने करावी.