हळद पिवळी असते हो!

पुतण्याच्या लग्नाचा अल्बम आला. चौरंगावर ठेवून पूजा करावी एवढा जाड. उघडला, तर पहिल्याच पानावर नवरीच्या हातात राखाडी चुडा. हिरवा हो, हिरवा! कासाराला घरी बोलावून भरलेला. इथे त्याचा रंग भिजलेल्या पत्र्याचा. हळदीच्या पानावर हळदच नाही. पोरीला बिस्किटांचा चुरा चोळलेला.

छायाचित्रकाराला (बिलावर तो 'व्हिज्युअल स्टोरीटेलर' आहे, बिलही तसंच) फोन लावला. "काका, पेस्टल प्रीसेट आहे तो." म्हणजे कुणा परक्याने परक्या उजेडात ठरवलेले रंगांचे आकडे विकत घ्यायचे आणि एका टिचकीसरशी हजार फोटोंवर ओतायचे. त्यात हिरव्याला मूर्च्छा येते, पिवळ्याची कावीळ उतरते.

"आणि बोहल्यावर नवरीचं नाक कुठे गेलं?"

"एअरी लुक, काका."

उजेड असा ओतलाय की कपाळ, नाक, गाल सगळं सपाट पांढरं. नथीचे मोती त्यात विरघळले, तार तेवढी उरली. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग जिथे काठोकाठ भरले, तिथे तपशील नोंदवलाच जात नाही. मग रॉ फाइल असो की साक्षात ब्रह्मदेव. उतू गेलेलं दूध भांड्यात परत येतं का? बरं, मुलगी सावळी. देखणी सावळी. गोरी करा, असं कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थांनी परस्पर उपकार केले. सौंदर्यशास्त्राच्या नावाने चुनाकाम!

नवरदेवाची गत उलटी. अंगात मोतिया शेरवानी, मागे पांढरा पडदा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक प्रामाणिक, पण मठ्ठ. समोर काहीही येवो, तो त्याला मधला करडा समजतो, १८ टक्के प्रकाश परतवणारा. पांढरं फार दिसलं की घाबरून उजेड कमी करतो. अशा वेळी एखादा स्टॉप वाढवायला म्हणून तर कॅमेऱ्यामागे माणूस उभा करतात. आमचा माणूस वर ड्रोनकडे बघत होता. शेरवानी मळकी, चेहरा तळघरात. "मूडी, काका." मागाहून सावल्या उपसल्या, तर गालावर रवा उठला. "फिल्म ग्रेन!"

आलं ना लक्षात? जास्त उजेड एअरी, कमी उजेड मूडी, हात हलला तर ड्रीमी. या धंद्यातून चूक हा शब्दच हद्दपार झालाय. आणि ग्रेनचं एवढं प्रेम, तर शेजारच्याच पानावर सगळ्यांच्या त्वचेची रंध्रं लिंपून का टाकलीत?

१९४१ साली ओटावात छायाचित्रकार यूसुफ कार्शने चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि तो करवादलेला चेहरा टिपला. आमच्या स्टोरीटेलरने सिगार राहू दिला असता आणि कपाळावरची आठी काढली असती.

८२ वर्षांची आत्या चष्मा पुसून एका पानाकडे बघत होती. "ही कोण रे? मुलीकडची का?"

"तू आहेस, आत्या."

पुन्हा फोन केला. म्हटलं, बाबा रे, काहीही न केलेले फोटो दे.

"देतो की काका. त्याचे चार्जेस वेगळे."