तबकडीवरचा कान

'संगीताला जात नसते.' हे वाक्य ज्याला फुकटात मिळालंय तोच ते बोलतो. ज्यानं वाजवण्यापायी मार खाल्ला तो बोलत नाही.

दोस्तहो, हे मी कुठं ऐकलं ते आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका कार्यक्रमात मी कविता वाचली. कवितेत जॉन कोल्ट्रेनचं नाव होतं. संपल्यावर एक सत्तरीचे गृहस्थ जवळ आले, म्हणाले, "तुम्ही जॅझ ऐकता? मग आमच्यात या. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची, एक बाजू लावायची, मग त्यावर बोलायचं."

मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात मेलो. कारण कोल्ट्रेन मी एक सेकंदही ऐकला नव्हता. नाव ऐकलं होतं, नाव आवडलं होतं, कवितेत टाकून दिलं होतं. ह्या पापाकडं मी पुढं येणारच आहे. आधी त्या रविवारांकडं जाऊ.

इंदिरा डॉकात स्टीलच्या कॉइली उतरवायची रातपाळी करून मी गेलो. समुद्राकडं खिडकी असलेला फ्लॅट. चहा त्यांच्याच कपात मिळाला. हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कपबशी वेगळी ठेवली असेल. नव्हती ठेवली. ही माणसं चांगली आहेत. म्हणून तर हे लिहावं लागतंय. वाईट माणसाशी भांडायला कागद लागत नाही.

पहिला तास रेकॉर्डीवर काय कोरलंय ह्यातच गेला. ब्लू नोट नावाची न्यूयॉर्कची कंपनी. तिच्या जुन्या रेकॉर्डीवर, गाणं संपतं तिथल्या गुळगुळीत पट्ट्यावर, प्लास्टिलाइट ह्या कारखान्याची खूण असते. असतं पी अक्षर, दिसतं कानासारखं. शौकीन लोक त्याला कानच म्हणतात. १९६६ नंतर तो कान गेला. कान असला की रेकॉर्ड अस्सल, भाव चढला. कान नसला की मागाहून छापलेली, भाव उतरला. एक जण चक्क भिंग घेऊन बसले होते. तबकडीला कान आहे का बघत होते.

मी सहा महिने गेलो. ते सत्तरीचे काका मला नावं लिहून द्यायचे. मी ती मोबाइलवर शोधून पाळीला जायच्या आधी ऐकायचो. वाजवणारा कोण, कुठला, कसा जगला, कसा मेला, तेही वाचायचो. माझं इंग्रजी दहावीचं, तेव्हा अडखळत, डिक्शनरी घेऊन. त्यातच कळलं की लुई आर्मस्ट्राँगनं पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर केळ्याचे घड उतरवलेत. घडातून एक भला मोठा उंदीर निघाला म्हणून ते काम सोडलं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. मी एकटाच मोठ्यानं हसलो. आमच्याकडं उंदीर निघाला तर उंदीर पळतो, मजूर जागेवरच असतो.

मग एका रविवारी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्ल्यू' लागली. ऐकून झाल्यावर सगळे हळू आवाजात बोलायला लागले. केवढी शांतता, केवढा संयम. खरं आहे. मलाही ती शांतता लागली. मी फक्त एवढंच म्हणालो की ही रेकॉर्ड १७ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली, आणि २५ ऑगस्टच्या रात्री न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबच्या दारात डेव्हिसचं डोकं फोडलं. मधल्या सुट्टीत तो एका गोऱ्या बाईला टॅक्सीत बसवून दाराशी उभा होता. पोलीस म्हणाला, हट इथून. तो म्हणाला, मी इथंच काम करतो. बाहेर पाटीवर त्याचं नाव होतं. डिटेक्टिव्हनं डोक्यात हाणलं. कोट रक्तानं भरला, वर अटक त्यालाच. रेकॉर्ड येऊन आठ दिवस झाले होते.

खोली गप्प झाली. भिंगवाले गृहस्थ समजूत घातल्यासारखे म्हणाले, "ते चरित्रात येतं. इथं आपण फक्त संगीतावर बोलतो. संगीताला जात नसते." काका काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

आणि अर्ध्या तासानं दुसरी रेकॉर्ड लागली, ड्रमरनं जीव ओतला होता. तेच भिंगवाले मान डोलवत म्हणाले, "ताल ह्यांच्या रक्तातच असतो."

च्यायला! संगीताला जात नाही, पण ताल रक्तात आहे! मग जात ह्याहून वेगळी काय असते?

हे वाक्य मला नवीन नाही. आमच्या गावात मिरवणुकीपुढं हलगी वाजायची, मातंगाच्या हातानं. लग्न हलगीशिवाय लागत नसे आणि हलगीवाला मांडवात जेवत नसे. पाटीलही कौतुकानं हेच म्हणायचा, 'ह्यांच्या रक्तातच आहे.' रक्तात आहे म्हटलं की शिकावं लागलं नाही. शिकावं लागलं नाही म्हणजे कष्ट नाहीत. कष्ट नाहीत म्हणजे मजुरी कशाची मागतोस? घे भाकरी आणि चालू लाग. ह्या कौतुकाच्या पोटात मजुरी बुडवायचा हिशेब आहे.

चार्ली पार्करनं १९५४ साली रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलंय की तीन-चार वर्षं तो रोज अकरा ते पंधरा तास रियाज करत होता. रक्तात होतं तर हे पंधरा तास कशाला? गवयानं पंधरा तास घासलं की तपश्चर्या, काळ्यानं घासलं की रक्त!

राहता राहिलं 'ते चरित्रात येतं.' बघू या चरित्रात येतं की रेकॉर्डीत येतं.

मी रोज पास दाखवून गोदीच्या गेटातून आत जातो. पास गेला की दिवस गेला. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत असाच पास होता, कॅबरे कार्ड. दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांचं कार्ड हवं. बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ च्या शिक्षेनंतर गेलं. थेलोनियस मंकचं १९५१ ला गेलं ते १९५७ ला परत मिळालं. सहा वर्षं हा माणूस आपल्याच शहरातल्या क्लबात बोट उचलू शकत नव्हता. त्याची 'ब्रिलियंट कॉर्नर्स' १९५६ च्या शेवटी रेकॉर्ड झाली, म्हणजे कार्ड नव्हतं तेव्हा. पास काढून घेतला की माणूस वाजवू शकत नाही, पण त्याची रेकॉर्ड विकता येते. तुम्ही त्या रेकॉर्डवर तासभर बोललात. ह्यावर एक मिनिट नाही.

१९५७ साली आर्कान्साचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यानं लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी पोरं शिरू नयेत म्हणून बंदूकवाले उभे केले. चार्ल्स मिंगसनं त्या गव्हर्नरवरच गाणं रचलं. १९५९ ला कोलंबियासारख्या बड्या कंपनीच्या रेकॉर्डवर ते आलं तेव्हा त्यात शब्द नव्हते, नुसती वाद्यं. शब्द आले १९६० ला, कॅन्डिड ह्या छोट्या कंपनीच्या रेकॉर्डवर. आता सांगा, दोन रेकॉर्डींतला हा फरक संगीतातला की चरित्रातला? ह्या फरकाला भिंग का लागत नाही?

कोल्ट्रेनचा 'अलाबामा' घ्या. 'लाइव्ह अ‍ॅट बर्डलँड' ह्या रेकॉर्डवर आहे. शौकीन लगेच सांगतात की हा तुकडा क्लबात नाही, १८ नोव्हेंबर १९६३ ला स्टुडिओत वाजवलाय. बरोबर आहे, तुमची माहिती पक्की असते. पण त्याच्या दोन महिने आधी, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅममधल्या काळ्यांच्या चर्चमध्ये गोऱ्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार पोरी मेल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, डेनिस मॅकनेअर. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकराची. बर्मिंगहॅम ज्या राज्यात आहे त्या राज्याचं नाव अलाबामा. कुठल्या स्टुडिओत हे पाठ, कुणासाठी हे पाठ नाही.

आणि जी बाई हे तोंडानं बोलली तिचं काय झालं? अ‍ॅबी लिंकन. १९६० च्या मॅक्स रोचच्या 'वुइ इन्सिस्ट' मध्ये ती शब्द सोडून नुसती किंचाळते. त्या रेकॉर्डच्या कव्हरवर हॉटेलच्या कट्ट्यावर बसलेले तीन काळे आणि पलीकडं गोरा वाढपी आहे. त्याच वर्षी ग्रीन्सबरोत काळी पोरं अशाच कट्ट्यावर बसून राहिली होती. पुढं १९६१ ला अ‍ॅबीची 'स्ट्रेट अहेड' आली, तर 'डाउनबीट' मासिकात एका गोऱ्या समीक्षकानं, ही आपल्या काळेपणाचा धंदा करते, असा सूर लावला. १९६२ ला त्याच मासिकानं त्यावर चर्चा छापली. अ‍ॅबीच्या नावाची पुढची रेकॉर्ड १९७३ ला झाली, तीही जपानात. बारा वर्षं.

दोस्तहो, हा सूर ओळखीचा वाटतो ना? आमच्या कवितेलाही हेच ऐकवलं गेलं. 'दुःखाचं भांडवल करतात.' रसिक सगळीकडं सारखाच. त्याला जखमेचा रंग हवा असतो, जखम करणाऱ्याचं नाव नको असतं.

भांडवलाचं म्हणाल तर बेसी स्मिथचं बघा. ब्लूजची सम्राज्ञी म्हणून कोलंबियानं तिच्या रेकॉर्डी विकल्या. १९३७ साली ती मोटार अपघातात गेली. तेहेतीस वर्षं तिच्या थडग्यावर दगड नव्हता. १९७० ला बसला. पैसे दिले गायिका जॅनिस जॉपलिननं आणि वानिटा ग्रीन ह्या काळ्या बाईनं, जी लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसायची. तिच्या रेकॉर्डी जमवणारे तेव्हाही होते. तबकडीला ओरखडा पडू नये म्हणून कागदात गुंडाळत होते. थडगं उघडं होतं.

आता कुणी म्हणेल, हा गोदीवाला जॅझचा गळा दाबतो, रडत रडत ऐका म्हणतो. नाही. रडायला कोण सांगतंय? मला 'काइंड ऑफ ब्ल्यू'ची शांतता हवी आहे, सगळीच्या सगळी हवी आहे. पण ती शांतता किती किमतीची आहे हे मला त्या रात्रीमुळं कळतं. ज्याचं डोकं दारात फुटू शकतं त्यानं एवढं हळू वाजवलं, हीच तर ताकद. ती कापून टाकून तुम्ही अर्धीच रेकॉर्ड ऐकता आणि स्वतःला रसिक म्हणवता.

रेकॉर्डी जपणाऱ्यांचं ऋणही मी मानतो. त्यांनी जपल्या नसत्या तर निम्म्या कचऱ्यात गेल्या असत्या. काकांनी नावं लिहून दिली नसती तर मी आजही कोल्ट्रेन न ऐकता कोल्ट्रेनवर कविता करत बसलो असतो.

म्हणून आता आमच्या पापाकडं. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, तिच्यावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथर. त्याच १९७२ साली आर्ची शेपची 'अ‍ॅटिका ब्लूज' आली. आदल्या सप्टेंबरात अ‍ॅटिका तुरुंगातल्या कैद्यांनी बंड केलं होतं, त्रेचाळीस माणसं मेली, त्यावरची रेकॉर्ड. आपण काळ्यांचं नाव उचललं, पण वस्तीत त्यांचं गाणं किती जणांनी ऐकलं? आपल्यातले कवी आजही ही नावं कवितेत बिल्ल्यासारखी लावतात. मी लावली. शौकिनाला माणूस नको, नुसता आवाज हवा. आपल्याला आवाज नको, नुसतं नाव हवं. लुबाडणूक दोन्हीकडं एकच.

आणि जॅझ काही आपल्यापासून लांब नव्हता. मुंबईत तो बोटीनं आला. १९३५ साली लिऑन अ‍ॅबेचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मागून टेडी वेदरफोर्ड आला, पियानोवाला. तो १९४५ ला कलकत्त्यात कॉलऱ्यानं मेला. माझा पणजा तेव्हा गोदीत ओझी वाहत होता. त्यांच्या पेट्या कदाचित त्यानंच उतरवल्या असतील. पेटी त्याच्या डोक्यावरून गेली. आतलं वाद्य त्याच्या कानावर कधी पडलं नाही, कारण ताजच्या दारात त्याला उभं कोण करणार?

म्हणून मी भांडून निघून आलो नाही. निघून जाणं सोपं असतं. पुढच्या रविवारी मी जाणार आहे. माझी पाळी आहे, रेकॉर्ड मी निवडणार. मागणं एवढंच, की रेकॉर्ड हातातून हातात देता तर पुरी द्या. कुणी वाजवली, कुठल्या दिवशी वाजवली, तेव्हा त्याच्यावर काय गुदरत होतं, पैसा कुणाच्या खिशात गेला, हेही त्याच हातानं द्या. कान तबकडीवर शोधताय तो तुमच्या डोक्याला आहे.

आणि इकडं शिवडीत आम्ही आमचा रविवार सुरू केलाय. खोली दहा बाय दहा, मोबाइल माझा, स्पीकर उसना. पहिल्या दिवशी 'अलाबामा' लावला. चार पोरींची नावं मी आधी मराठीत वाचली. आमच्या वस्तीत हलगी वाजवणारे एक मामा आहेत, ते दाराशी उकिडवे बसले होते. ड्रमवर एल्विन जोन्स होता. मामांची बोटं गुडघ्यावर हलत होती. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामांनी विचारलं, "ह्या वाजवणाऱ्याला किती देत होते रे?"

सहा महिने मी त्या फ्लॅटवर गेलो. हा प्रश्न तिथं एकदाही निघाला नाही.