कफनी अधिक कुंची

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले, की घरोघरच्या आयांना नवी काळजी सुरू होते. सुट्टी संपते, शाळा उघडते आणि स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. मग एके दिवशी मूल दप्तर फेकता फेकताच जाहीर करते, "आई, मला सोंगासाठी झगा हवा. डोक्यावरून घेता येणारा. परवापर्यंत!"

यंदा आमच्या धाकटीच्या वाट्याला बहिर्जी नाईक आला. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचा हा प्रमुख वेषांतरात तरबेज होता, असा त्याचा लौकिक. नाटकात तो फकीर होऊन शत्रूच्या छावणीत शिरतो आणि आणीबाणीच्या क्षणी डोक्यावरचे कापड मागे सारून आपली ओळख देतो. तेव्हा पोशाख नुसता लांब असून भागणार नव्हते. डोके झाकणारी टोपी त्यालाच जोडलेली हवी होती. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात मावळे होते, पेशवे होते, परी होती, फकीर मात्र नव्हता. शिंप्याकडे दिवाळीचीच कामे तुंबलेली. आणि घरी शिवायचे म्हटले, तर कागदी साचा कोठून आणायचा?

"साचा कशाला हवा?" सासूबाईंनी विचारले. "फकिराची ती कफनी आणि डोक्यावरची ती कुंची. दोन्ही जोडल्या की झाला तुमचा बहिर्जी."

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, पण हे दोन शब्द असे शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते. कफनी म्हणजे साधू-फकिरांचा पायघोळ झगा. शिर्डीच्या साईबाबांच्या छायाचित्रांतून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तिचे मूळचे रूप अगदी साधे : लांब कापड मध्ये दुमडायचे, घडीवर डोके जाईल एवढी चीर द्यायची. कुंची तर आपण प्रत्येकाने घातलेली आहे, आठवत नसली तरी! तान्ह्या बाळाचे डोके, कान आणि पाठ एकदम झाकणारे ते टोपडे. खणाची, रेशमाची, झालर लावलेली कुंची बारशाला मिरवते, पण रोजची कुंची आजीच्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचीच असे. बाळाचे डोके हाच तिचा साचा.

सासूबाईंचे माहेर पवन मावळातले. तिकडे डोके झाकणे ही हौस नसते, गरज असते. गेल्या जुलैत महाविद्यालयाच्या मुलींना घेऊन मी तिकोणा किल्ल्यावर गेले होते. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोणा पेठ गाठावी, गावातून वर पाहावे तो किल्ला ढगांत हरवलेला. १६५७ साली स्वराज्यात आलेला हा गड वितंडगड म्हणूनही ओळखला जातो. त्या दिवशी पावसाने खरोखरच आमच्याशी वितंडवाद मांडला होता! पेठेच्या खाचरांत भाताची लावणी चालली होती. इंद्रायणी तांदळाचे हे मावळ. ते वाणही येथल्याच वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले.

चिखलात वाकलेल्या बायकांच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या रिकाम्या गोण्या होत्या. गोणीच्या तळाचे एक टोक दुसऱ्या टोकात खुपसले, की टोकदार टोपी तयार होते आणि बाकीची गोणी पाठीवर लोंबते. डोके कोरडे, पाठ कोरडी, दोन्ही हात मोकळे. ना सुई, ना दोरा, ना कात्री. यालाच खोळ म्हणतात. गादीची खोळ तीच, डोक्यावरची खोळही तीच. मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी गोण्या कुठल्या? बायकांना इरली, गड्यांना घोंगडी." बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवलेले इरले पाठीवर घेऊन लावणी होई. गुराख्याची घोंगडी दिवसा खोळ, दुपारी बैठक आणि रात्री अंथरूण. घोंगडीला कात्री लावली असती, तर यांतले एकच काही उरले असते.

हे सगळे ऐकून घेतले आणि मी कापड आणायला पिशवी उचलली, तेव्हा सासूबाईंनी आपल्या ट्रंकेतून एक लुगडे काढून माझ्यापुढे ठेवले. त्यांच्या आईचे. आईची बाकीची लुगडी गोधड्यांत गेली, हे एवढेच मागे राहिले होते. मी हात मागे घेतला. "नको आई, हे कसे कापू?"

"घे गं. ट्रंकेत विरून जाण्यापेक्षा पोरीच्या अंगावर जाऊ दे. पण एक अट. सरळ फाडायचे. तिरकी कात्री लावायची नाही."

त्या अटीचा अर्थ मला सुई हाती घेतल्यावर कळला. सरळ फाडलेला तुकडा चौकोनीच राहतो. चौकोनी तुकडा पुन्हा जोडता येतो, दुपटे होतो, गोधडीत बसतो. काखेची गोलाई, गळ्याची गोलाई कापली, की उरतात त्या चिंध्या. अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये मापाचे कागदी साचे विकायला काढले आणि घरोघरच्या बायकांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण साचा अंगाचा विचार करतो, उरलेल्या कापडाचा विचार त्याला करावा लागत नाही. आमच्या आज्या दोन्हींचा करीत.

आता कृती. ज्या भगिनींना परवापर्यंत झगा हवा आहे, त्यांनी येथून पुढे सुई-दोरा घेऊनच वाचावे! मापे सुमारे चार फूट उंचीच्या मुलीची आहेत.

खांद्यापासून घोट्यापर्यंत सुतळीने मोजा. आमच्याकडे ३८ इंच भरले. त्याची दुप्पट ७६, दुमडीला ४, म्हणजे ८० इंच लांबीचा तुकडा फाडा. कापड जेथे विरलेले असेल, तेथे फाट भलतीकडे जाते. अशा जागी आडवा एकच धागा हळूच ओढून काढावा. त्याची रेषा उमटते, त्या रेषेवर कात्री चालवावी. पन्हा ४५ इंच असेल, तर तो तसाच ठेवा. तुकडा मध्ये आडवा दुमडून अंगावर धरला, की दोन्ही काठ थेट मुलीच्या मनगटांजवळ येतात. बाही आपोआप झाली आणि काठ असल्यामुळे ती दुमडायलाही नको. वरून ९ इंच हातासाठी मोकळे सोडून खालपर्यंत बाजू शिवा.

गळ्यासाठी घडीच्या मध्यावर ६ इंचांची आडवी चीर द्या आणि तिच्या मध्यापासून पुढच्या बाजूला ७ इंचांची उभी चीर. कापड काढून टाकायचे नाही. पुढची दोन टोके आत तिरपी दुमडून टाचा, की बदामी गळा तयार.

राहिली कुंची. एका खांद्याच्या हाडापासून डोक्यावरून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत सुतळी धरा. साधारण २६ इंच येतील. २६ लांब, १२ रुंद असा तुकडा घेऊन लांबी निम्मी दुमडा. घडी डोक्यावर येते. मागची एकच बाजू शिवा, पुढची दुमडून घ्या. तळाचा घेर गळ्याच्या घेराएवढाच भरतो. कुंचीची मागची शिवण पाठीच्या मध्यावर ठेवून तेथून दोन्ही बाजूंना टाचत पुढे या. थोडे कमी-जास्त झाले, तर मागे दोन चुण्या घ्या.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. गळ्याशी नाडी ओवू नका. खेळताना ती कोठे अडकली, तर गळा आवळतो. एक टिचबटण पुरे. आणि असा घोळदार झगा घालून मूल पणत्यांजवळ फिरता कामा नये. सुती कापड चटकन पेट घेते आणि नायलॉन वितळून अंगाला चिकटते. कमरेला मात्र दोरी हवीच. फकिराला ती शोभते आणि पायांत येणारा घोळही वर धरते.

झगा तयार झाला, तेव्हा सासूबाईंनी नातीला समोर उभे करून कुंची दोनदा वर ओढली, दोनदा मागे सारली. मग मनगटाजवळच्या काठावरून बोट फिरवीत राहिल्या. "फकिराला काठ कशाला?" म्हणून धाकटीने तो आत दुमडायला सांगितला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "सोंग फकिराचे असले, तरी माणूस मावळातलाच आहे ना?"

शिवण मी मुद्दामच हाताने, धावदोऱ्याची घातली आहे. संमेलन झाले की ती तासाभरात उसवेल. झग्याचा ८० इंची तुकडा गोधडीच्या पोटात जायचा आहे. कुंचीला मात्र आधीच मागणी आली आहे. आमच्या वन्संच्या सुनेला पौषात दिवस भरतात. एवढी मोठी कुंची बाळाला कशी होणार, असे मी म्हणून पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "दोन चुण्या जास्त घालू. बाळ वाढेल तशा सोडत जाऊ."