डीएपीचे पोते येते कुठून?

मृगाचा पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रापुढे डीएपीसाठी रांग लागते. पोते मिळाले नाही की दुकानदाराने माल दडवला, असे आपण म्हणतो. कधीकधी ते खरेही असते. पण टंचाईचे मूळ दुकानाच्या फार पलीकडे आहे. हे खत बनते कसे, ते बघितले की उलगडा होतो.

त्याची सुरुवात दगडापासून होते. फॉस्फेटचा खनिज दगड दळून त्यावर गंधकाम्ल सोडतात. त्यातून फॉस्फरिक आम्ल निघते. मागे जिप्समचा चोथा उरतो, एक टन स्फुरदामागे जवळजवळ पाच टन! मग या आम्लात अमोनिया वायू सोडतात. दोन्ही भिडले की मोठी उष्णता निघते आणि दाट राबडी तयार होते. ती फिरत्या ड्रममध्ये घालून दाणे पाडतात, वाळवतात, चाळतात. 50 किलोच्या पोत्यात नत्र 9 किलो, स्फुरद 23 किलो.

आता बघा, दगड येतो मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडून. उदयपूरजवळ झामरकोटड्याची खाण आहे, पण तिच्यावर देशाचे भागत नाही. अमोनियाला नैसर्गिक वायू लागतो, तोही पुरेसा नाही. पारादीप, कांडला, गोव्याचे झुआरीनगर, हे कारखाने बंदराच्या आसऱ्याला आहेत ते उगाच नव्हे. शिवाय तयार डीएपीही बोटीने येते. मे 2021 मध्ये पोत्याची खरी किंमत 2400 रुपयांवर गेली, तेव्हा सरकारने अनुदान 500 वरून 1200 रुपये केले. त्याच वर्षी चीनने निर्यात आवळली. तिकडे खुट्ट झाले की इकडे आपली पेरणी अडते.

मग डीएपीवाचून अडायचे कशाला? सिंगल सुपर फॉस्फेट त्याच दगडापासून होते, पण त्याला अमोनिया लागत नाही की वेगळे फॉस्फरिक आम्ल लागत नाही. दगडाच्या भुकटीत गंधकाम्ल मिसळून ढीग मुरू देतात, झाले खत. त्यात स्फुरद 16 टक्के. म्हणजे सुपरची तीन पोती आणि 20 किलो युरिया घेतला की डीएपीच्या एका पोत्याची भरपाई होते. वर 16 किलो गंधक मिळते, ते सोयाबीन-भुईमुगाला हवेच असते. हमाली वाढते, हे मान्य. दोन्ही खते आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, पाणी सुटते. युरिया बियाण्याला लागू देऊ नका.

तरीही डीएपीच घ्यायचे तर रंगावर जाऊ नका. दगडातल्या मळीप्रमाणे तो बदलतो. चार दाणे तळहातावर घेऊन चुना लावून तंबाखूसारखे मळा. अमोनियाचा उग्र दर्प नाकात गेला पाहिजे. वास आला नाही तर पोते उसवू नका, बिल घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला गाठा. आणि डीएपीबरोबर दुसरा माल घेतलाच पाहिजे, असा कुठलाही नियम नाही.