वीस रुपयांवर खल

सिंहस्थाच्या ध्वजारोहणाची 31 ऑक्टोबर 2026 ही तारीख जाहीर झाल्यापासून त्र्यंबकेश्वरात पैशाच्या गप्पांना वेगळाच रंग चढला आहे. खोल्या भाड्याने देणारे, पूजासाहित्याचे दुकानदार, पार्किंगला वावर देणारे, उपाध्ये मंडळी, सगळ्यांच्या हाती बारा वर्षांतून एकदा ठोक रक्कम येणार आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्नही येणार. आधीच्या पिढीचं उत्तर ठरलेलं होतं: एफडी, सोनं, नाहीतर नाशिकच्या रस्त्याला दोन गुंठे. तिशीतली मुलं आता निफ्टीच्या इंडेक्स फंडाचं नाव काढतात, ही आनंदाची गोष्ट. पण चर्चा तिथून पुढे सरकली की हमखास एकाच खड्ड्यात जाते: कुठल्या ॲपचं ब्रोकरेज कमी? एक जण शून्य सांगतो, दुसरा वीस रुपये, तिसरा म्हणतो, माझ्या बँकेचं अर्धा टक्का आहे, पण विश्वासाचं आहे. चहा संपतो, वाद संपत नाही.

बारा-पंधरा वर्षं पैसा हलवायचाच नाही असं ठरवलेल्या माणसाने या वादात पडू नये, असं माझं मत आहे. जिथे पैसे खरोखर गळतात तिकडे या वादामुळे कुणाचं लक्षच जात नाही.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. ब्रोकरेजची धास्ती निराधार नव्हती. नियमानुसार ब्रोकरला व्यवहाराच्या अडीच टक्क्यांपर्यंत दलाली घेण्याची मुभा आहे आणि एकेकाळी दलालीचा दर ही खरोखर विचारून घ्यायची गोष्ट होती. म्युच्युअल फंडातही 1 ऑगस्ट 2009 पर्यंत एंट्री लोड होता. शंभर रुपये दिले की सव्वादोन रुपये दारातच कापले जात. त्या काळात पोळलेल्या बाप-काकांनी पोराला 'कमिशन विचारून घे' असं बजावलं तर त्यांचं काय चुकलं? पण सेबीने एंट्री लोड काढला, 2015 च्या डिसेंबरात झिरोधाने डिलिव्हरीचं ब्रोकरेज शून्यावर आणलं, आणि ती लढाई गुंतवणूकदाराने जवळपास जिंकली. आपण अजून त्याच मैदानात तलवार परजत उभे आहोत.

दुसरं म्हणजे, इंडेक्स फंड घ्यायला ब्रोकर लागतच नाही. लागतो तो ईटीएफला, कारण ईटीएफ शेअरसारखा एक्स्चेंजवर विकत घ्यावा लागतो. साधा इंडेक्स फंड थेट फंड कंपनीकडून घेता येतो, डिमॅट खातंही लागत नाही, युनिट फोलिओत जमा होतात. यूटीआयचा निफ्टी इंडेक्स फंड 2000 सालापासून आहे. निफ्टीचा पहिला ईटीएफ त्यानंतर आला. तरीही 'इंडेक्समध्ये पैसे टाकायचेत, डिमॅट कुठे उघडू?' हा प्रश्न मी सतत ऐकतो. औषध घ्यायच्या आधीच पथ्य विचारण्यातला हा प्रकार.

हिशेब मांडूनच बघू. सिंहस्थात हाती आलेले 5 लाख रुपये एकरकमी निफ्टीच्या फंडात टाकले आणि पुढच्या सिंहस्थापर्यंत, म्हणजे 12 वर्षं, त्यांना हात लावला नाही. खर्च वजा जाण्याआधी वर्षाला सरासरी 11 टक्के वाढ धरू. धरायला काय जातं, बाजाराने तसं लिहून दिलेलं नाही. एकाच फंडाचे दोन प्लॅन असतात: थेट कंपनीकडून घेतला तर डायरेक्ट, वितरकामार्फत घेतला तर त्याचं कमिशन धरून रेग्युलर. डायरेक्टचा वार्षिक खर्च 0.20 टक्के आणि रेग्युलरचा 0.60 टक्के समजा. बारा वर्षांनी डायरेक्टमध्ये साधारण 17 लाख 12 हजार दिसतील, रेग्युलरमध्ये 16 लाख 39 हजार. फंड तोच, त्यातल्या 50 कंपन्या त्याच, आणि फरक 73 हजारांच्या आसपास.

आता याच 5 लाखांचा ईटीएफ घेतला तर वीस रुपयेवाला ब्रोकर किती घेईल? 18 टक्के जीएसटी धरून 23 रुपये 60 पैसे. फंड घेताना सरकारची स्टँप ड्युटी 0.005 टक्के, तीच 25 रुपये होते! शून्यवाला आणि वीसवाला यांच्यातला फरक हा असा, आणि त्यावर संध्याकाळ जाते. बँकेचा अर्धा टक्का मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घेताना अडीच हजार आणि बारा वर्षांनी 17 लाखांचं विकताना साडेआठ हजार, म्हणजे 11 हजार रुपये केवळ सवयीपोटी. असा ब्रोकर सोडायचा, दहा मिनिटांचं काम आहे. तरी हे 11 हजार त्या 73 हजारांपुढे फिकेच.

'अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने काय होतं?' असा बचाव येतोच. एकरकमी नको, एसआयपी घ्या. महिन्याला 5 हजार, 20 वर्षं, बाकी अंदाज तोच. डायरेक्टचे सुमारे 42 लाख 15 हजार, रेग्युलरचे 40 लाख. सव्वादोन लाखांना थोडे कमी. आणि ब्रोकरेज? 0.1 टक्का दराने 5 हजारांवर दर महिन्याला 5 रुपये. ते पाच-पाच रुपयेही गुंतवत गेलो असतो तर 20 वर्षांनी चार हजार दोनशे झाले असते. कुणाला किती वेळ द्यायचा, ते या दोन आकड्यांवरून ठरवा.

मग 'शून्य'वाल्याचं पोट कशावर चालतं? नारायण नागबळीला आलेला यजमान दक्षिणा किती एवढंच विचारून थांबत नाही. साहित्य त्यात धरलंय का, तीन दिवसांचं राहणं-जेवण त्यातच की वेगळं, हे सगळं आधी वदवून घेतो. डिमॅट उघडताना मात्र 'ब्रोकरेज शून्य' कानावर पडलं की आपण ओटीपी टाकून मोकळे. कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून पाहावी: ब्रोकरेजच्या रकान्यात शून्य, आणि त्याखाली एक्स्चेंजचे ट्रान्झॅक्शन चार्जेस, सेबीची फी, जीएसटी, एसटीटी, स्टँप ड्युटी अशी रांग. ईटीएफ विकला की डीपी चार्ज लागतो, एका स्क्रिपला दिवसाला जीएसटीसह पंधरा-वीस रुपयांच्या घरात. तो बहुधा कॉन्ट्रॅक्ट नोटवर दिसतच नाही, लेजरमध्ये जाऊन शोधावा लागतो. शिवाय शून्य हे काही ताम्रपटावर कोरलेलं नसतं. सेबीने 1 ऑक्टोबर 2024 पासून एक्स्चेंजचे दर सगळ्यांना एकसारखे केले, मोठ्या ब्रोकरांना त्यातून सुटणारी रक्कम बंद झाली, आणि पुढच्याच महिन्यात एंजल वनने डिलिव्हरीवर ब्रोकरेज सुरू केलं. त्यांनी गैर काही केलं असं मी म्हणत नाही. धंदा आहे, दर बदलणारच.

पण ही सगळी चिल्लर. शून्यवाल्याची खरी कमाई फ्युचर्स-ऑप्शन्समधून होते, आणि ते बटण इंडेक्स गुंतवणूकदाराच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर असतं. सेबीने 2024 च्या सप्टेंबरात जाहीर केलेल्या पाहणीप्रमाणे 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत या बाजारात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी 93 तोट्यात गेल्या आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. ॲप फुकट आहे म्हणून उघडायचं, निफ्टीचा फंड घ्यायचा आणि महिन्याभराने निफ्टीचेच ऑप्शन घ्यायचे, ही वाट मी गावात पाहिली आहे. ब्रोकरेजचा तक्ता करायचाच असेल तर त्यात हा रकाना आधी घाला.

'ईटीएफचा खर्च तर 0.05 टक्के, मग तोच स्वस्त' हा मुद्दा ताकदीचा आहे. मी तो अर्धा मान्य करतो. निफ्टीच्या मोठ्या, भरपूर उलाढालीच्या ईटीएफला तो लागू पडतो. पण खरेदी-विक्रीच्या भावात फट असते, आणि कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये ती रुंद होते. परदेशी निर्देशांकांचे ईटीएफ तर परदेशी गुंतवणुकीवरच्या मर्यादेमुळे मूळ किमतीपेक्षा बरेच चढ्या भावाने विकले गेले आहेत. फंडात एनएव्ही मिळते, घासाघीस नाही. आणि दर महिन्याला आठवणीने ईटीएफ विकत घेणारा माणूस श्रावणातल्या गर्दीत, ब्रह्मगिरीच्या फेरीच्या आठवड्यात, ऑर्डर टाकायला विसरणार, हे मी छातीठोक सांगतो. खर्चाच्या आकड्यापेक्षा ट्रॅकिंग डिफरन्स पाहावा: फंडाने निर्देशांकापेक्षा प्रत्यक्षात किती कमी दिलं. तो आकडा फंड कंपन्यांना जाहीर करावाच लागतो.

ईटीएफच हवा असेल तर एकच डिमॅट ठेवा. 1 सप्टेंबर 2024 पासून बेसिक सर्व्हिसेस डिमॅट खात्यात 4 लाखांपर्यंत वार्षिक शुल्क नाही, 4 ते 10 लाखांवर वर्षाला 100 रुपये. पण ही सवलत एकच डिमॅट असणाऱ्याला. आमच्याकडचे काही शहाणे बोनससाठी तीन ॲपवर तीन खाती उघडून बसले आणि ही सवलत घालवून बसले.

या सगळ्यापेक्षा मोठा खर्च कराचा आहे, आणि तो सोडून ब्रोकरेजवर बोलणं मला फार चमत्कारिक वाटतं. वरच्या उदाहरणात 12 वर्षांचा नफा 12 लाखांवर. एकदम विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, सेस धरून सुमारे 1 लाख 41 हजार. तोच पैसा दरवर्षी थोडा थोडा काढला आणि त्या वर्षीचा नफा सव्वा लाखाच्या आत ठेवला तर आजच्या नियमांनुसार त्यावर हा कर नाही. विकायची घाई नसणं ही दीर्घ मुदतीच्या माणसाची खरी सवलत. म्हणूनच जुने रेग्युलर युनिट तडकाफडकी विकून डायरेक्टमध्ये जाऊ नये. नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करावी, जुन्याचं पुढे कर बघून.

उरला शेवटचा आक्षेप: 'डायरेक्टमध्ये मदतीला कोण?' हा आक्षेप मी हसून टाळणार नाही. केवायसी अडकतं, नॉमिनीची भानगड होते, घरातला माणूस गेला की युनिट नावावर करून घेताना वारसांची दमछाक होते, आणि फी घेऊन सल्ला देणारे सेबीकडे नोंदणी केलेले सल्लागार गावागावांत बसलेले नाहीत. ज्याच्याशिवाय तुम्ही गुंतवणूकच केली नसती आणि बाजार कोसळला तेव्हा ज्याने तुम्हाला विकू दिलं नाही, अशा एजंटला 0.40 टक्के द्यायला हरकत नाही. काम करणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. मात्र तो किती जातो हे माहीत असावं. 2016 च्या ऑक्टोबरपासून सहामाही एकत्रित खातेविवरणात, म्हणजे सीएएसमध्ये, वितरकाला मिळालेलं कमिशन रुपयांत छापावं लागतं. ईमेलवर येणारी ती पीडीएफ पॅन टाकून उघडते. बहुतेक जण पहिल्या पानावरची एकूण रक्कम पाहून ती बंद करतात. कमिशनचा रकाना पुढे, योजनांच्या तक्त्यात असतो.