लेकरांच्या कमरेला टेप लावा

मधुमेह आणि रक्तदाब हे श्रीमंतांचे रोग, ही समजूत आपल्या वस्त्यांमध्ये अजूनही घट्ट आहे. पोट सुटले म्हणजे माणूस सुखी झाला, लेकरू गुटगुटीत दिसले म्हणजे घरात दोन वेळची चूल पेटते, असे आपण धरून चालतो. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या उपास काढले त्या समाजाला असे वाटणे स्वाभाविकच आहे. चळवळीच्या व्यासपीठावरही आरोग्याचा विषय निघाला की कुपोषणाचाच निघतो. तो निघालाच पाहिजे. पण कुपोषण एका घरात आणि मधुमेह दुसऱ्या घरात, अशी वाटणी झालेली नाही. दोन्ही एकाच घरात, पुष्कळदा एकाच लेकराच्या अंगात राहतात. शास्त्राने हे पुरेसे स्पष्ट केले आहे, आपल्या वस्त्यांपर्यंत मात्र ते पोचलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभरातील मुलांची पोषण पाहणी केली. पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. या आकड्यावर चर्चा झाली, अग्रलेख आले. त्याच अहवालातल्या दुसऱ्या आकड्यांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी १० टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती आणि ५ टक्के मुलांना रक्तदाब होता. याच वयात जादा वजनाची किंवा लठ्ठ मुले होती अवघी ५ टक्के, हडकुळी होती २४ टक्के. आता साधा हिशेब करा. सगळीच्या सगळी लठ्ठ मुले उंबरठ्यावर आहेत असे धरले, तरी उंबरठ्यावरची निम्मी मुले लठ्ठ नाहीत. ती दिसायला सडपातळ आहेत. शाळेत वजन झाले, तक्त्यात टिकमार्क झाली, पथक निघून गेले. त्या लेकराच्या रक्तात काय चालले आहे ते वजनकाट्याला कळले नाही.

हे असे का होते, याचा शोध आपल्या महाराष्ट्रातच लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या बायांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाया. त्यांची बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली बाळे ३.५ किलोची. वजनात एवढी तफावत, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मोजली तर तिच्यात फारसा फरक नाही. कमी पडले होते ते स्नायू आणि आतले अवयव. आईच्या पोटात अन्न अपुरे पडले तेव्हा शरीराने मेंदू आणि चरबी राखली आणि बाकी सगळ्यावर काटकसर केली. बाहेरून किडकिडीत, आतून मेदयुक्त असे हे बाळ. त्याआधी, १९९९ मध्ये, पुण्यातल्याच ४७७ मुलांची आठव्या वर्षी केलेली तपासणी प्रसिद्ध झाली होती. जन्मताना लहान असलेली आणि नंतर अंगाने भरलेली मुले सर्वांत जास्त धोक्यात, असे तिच्यात दिसले.

खुद्द डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हा प्रश्न कुठल्या एका जातीच्या रक्ताचा नाही, हे यावरून कळावे. उपखंडातल्या शरीरांवर जुन्या उपासमारीचा आणि खुज्या मातांचा शिक्का आहे. जातीचा प्रश्न येतो तो पुढे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खुज्या मुलांचे प्रमाण अनुसूचित जाती-जमातींमध्ये सरासरीहून जास्त आहे. म्हणजे शिक्का आपल्याकडे अधिक खोल उमटला आहे, आणि उपचार मात्र आपल्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचतात.

मग करायचे काय? प्रत्येक मुलाचे रक्त तपासणे सरकारला झेपणार नाही आणि ते गरजेचेही नाही. इथे शिंप्याची टेप कामाला येते. धोका मुख्यतः पोटाच्या आत साठणाऱ्या चरबीचा आहे आणि तिची चाहूल कमरेच्या घेरावरून लागते. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा हा साधा नियम आहे. इंग्लंडच्या मार्गारेट ॲशवेल यांनी तो मांडला, २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुलांनाही लागू पडतो असे दाखवले आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने पाच वर्षांवरील मुलांसाठीही या मापाचा विचार करावा अशी शिफारस केली. मुलाची उंची १३२ सेंटिमीटर असेल तर कंबर ६६ च्या खाली हवी. वजनाच्या निर्देशांकासाठी वय, लिंग, तक्ता, भागाकार सगळे लागते. पुष्कळ लेकरांची खरी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर नसते, गुरुजींनी लिहिलेला एक जून असतो. अशा वेळी वय न विचारणारे हे माप मोलाचे आहे. टेपही नसेल तर सुतळी घ्या. मुलाच्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा आणि कमरेभोवती फिरवा. टोके जुळली तर ठीक. नाही जुळली तर लेकराला डॉक्टरला दाखवा.

मोजण्याची रीत मात्र नीट पाळावी लागते. टेप करदोड्यावर किंवा चड्डीच्या नाडीवर नव्हे, तर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये धरायची. मूल सरळ उभे, श्वास सहज सोडलेला, टेप टेकलेली पण आवळलेली नाही. मोजताना मुले पोट आत ओढतात, म्हणून दोनदा मोजावे.

या मापाला सर्वज्ञ मात्र समजू नये. ही चाळणी आहे, निदान नव्हे. खुज्या मुलाची उंचीच कमी, त्यामुळे पोट फारसे सुटलेले नसतानाही गुणोत्तर वर जाऊ शकते. तिथे आजार पोटात नसून उंचीत आहे, म्हणजे पहिल्या दोन वर्षांतल्या उपासमारीत आहे, हेही ओळखावे लागेल. उलट एखादे किडकिडीत मूल या चाळणीतूनही निसटेल. त्यासाठी दोन प्रश्न जोडून विचारावेत. जन्माचे वजन अडीच किलोच्या आत होते काय? आईवडिलांना, आजीआजोबांना साखर आहे काय? ज्या घरात उत्तर ‘हो’ आहे तिथे टेपने माफ केले तरी लक्ष ठेवावे.

मानेकडेही पाहावे. काही मुलांच्या मानेवर, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी होते. आई दगडाने घासून घासून थकते, शाळेत बाई म्हणतात, ‘मान धुऊन येत नाहीस का?’ तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. आपल्या लेकरांना अस्वच्छ म्हणण्याची या देशाला जुनी सवय आहे. निदान शिक्षकांना आणि आशाताईंना तरी ही खूण शिकवली गेली पाहिजे.

विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. तिथल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी सिकलसेलमध्ये फसते, आणि लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयातही आकडा चुकीचा वर जातो. वर दिलेले उंबरठ्याचे आकडे याच तपासणीचे आहेत, म्हणून ते वाचतानाही हे ध्यानात ठेवावे. टेपने निवडलेल्या मुलाला दवाखान्यात पाठवले आणि तिथे फक्त हीच तपासणी करून ‘सगळे ठीक’ किंवा ‘साखर वाढली’ असे सांगितले, तर त्यावर विसंबू नये. उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी आणि सिकलसेलचे कार्ड डॉक्टरला दाखवावे.

आता शासनाकडे वळू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा तपासणी करायची, असे त्याचे स्वरूप. ३० आजारांची मूळ यादी केली गेली. त्यात तीव्र कुपोषण, रक्तक्षय, मुडदूस, गलगंड हे सगळे आहे, आणि ते असायलाच हवे. पण वाढलेली कंबर नाही, मुलांचा रक्तदाब नाही. अंगणवाडीत दंडघेराची पट्टी आहे, ती साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की धोक्याची घंटा वाजते. एका पट्टीवर हजारो लेकरांचे जीव वाचले. तीच पट्टी धरणाऱ्या हाताला दुसरी टेप देण्यास किती खर्च येणार आहे? पथकात डॉक्टर आहे, गाडी आहे, उंची तर मोजलीच जाते. मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा लहान-मोठा पट्टा मात्र घ्यावा लागेल. मापाचा पट्टा नसेल तर येणारा आकडा खोटा असतो.

आणि जी मुले तपासणीच्या दिवशी शाळेत नसतात त्यांचे काय? दिवाळीच्या सुमारास बीड, जालन्याकडची ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे कोपीवर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वीटभट्टीवरच्या लेकरांचे तेच. ही मुले कुणाची, ते वेगळे सांगायला नको.

मोजमाप म्हटले की आपल्या मनात एक शंका येते आणि ती रास्त आहे. या देशात आपली शरीरे याआधीही मोजली गेली आहेत. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ मध्ये नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावली. नाक जेवढे रुंद तेवढी जात खालची, असे त्याचे शास्त्र! बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांनी तपासलेल्या मोजमापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, हे दाखवून दिले. त्यांनी टेप फेकून दिली नाही, मोजमाप करणाऱ्यांच्याच आकड्यांनी त्यांचा सिद्धांत मोडला. आकड्यांकडे पाहण्याची ही आपली परंपरा आहे. (बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने किती छळले, हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांत रक्तदान होते, रक्तातील साखर तपासणे क्वचितच होते.)

दुसरी शंका स्पर्शाची. टेप लावायची तर लेकराला हात लावावा लागतो. गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांच्या आरोग्यसेवेवर संघमित्रा आचार्य यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तपासताना स्पर्श टाळणे, औषध लांबून देणे असे अनुभव त्यात नोंदले आहेत. लांबून अंदाजे लिहिलेले माप हे माप नव्हे. म्हणून तपासणीच्या वेळी गावातली आपली माणसे, आपल्या आशाताई तिथे हजर हव्यात. मुलींची मोजणी बाईनेच, आडोशाला करावी. आणि आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ‘मागासवर्गीय मुलांनी उभे राहा’ हे आपण ऐकत आलो. आता ‘ढेरीवाल्यांनी उभे राहा’ ऐकायची वेळ लेकरांवर येता कामा नये. आकडा बंद चिठ्ठीत पालकांकडे गेला पाहिजे.

ताटाचा विषय टाळून टेपचा विषय पुरा होत नाही. लठ्ठ मुलाला उपाशी ठेवणे आणि खुज्या मुलाला साखर-तेल चारून वजन भरून काढणे, दोन्ही चूक. स्नायू वाढवणारे अन्न पाहिजे: डाळ, कडधान्य, दूध, मासे, मांस, अंडी. राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा खास निधी बंद केला. धर्माचे राजकारण लेकराच्या ताटापर्यंत असे पोचते. दुसरीकडे शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांच्या पुड्या लटकत असतात. कामावर जाताना आईने हातावर ठेवलेले पाच रुपये तिथेच जातात. त्या माउलीला दोष देऊन भागणार नाही, तिला दुपारी घरी येऊन स्वयंपाक करण्याची सोय कुणी ठेवली आहे? पण शाळेतले अंडे परत मागणे आपल्या हातात आहे.

येत्या ग्रामसभेत, शहरात असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, तीन प्रश्न लेखी द्या. आमच्या शाळेत शेवटची आरोग्य तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि किती मुले गैरहजर होती? उंचीबरोबर कंबर आणि रक्तदाब मोजणार काय? जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या मुलांपैकी किती जण प्रत्यक्ष तिथे पोचले, त्यांच्या येण्या-जाण्याचे भाडे कुणी दिले? उत्तर लेखीच मागा, आणि पोच घ्यायला विसरू नका. तोवर बुद्ध विहारात रविवारी मुले जमतातच. एक टेप, एक वही आणि भिंतीवर उंचीची रेघ, एवढ्यावर तिथे काम सुरू करता येते.